घरून थेट प्रक्षेपण : साधनांची निवड कशी करावी?

(आंबागड, ता. तुमसर, जि. भंडारा येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धान कापून, मळून, खरेदी केंद्रावर मोजून झाले आणि चुकारे खात्यात जमा झाले, की प्रत्येक घरात खर्चाची एक यादी तयार होते. सोसायटीचे कर्ज, मुलीची फी, पुढच्या हंगामाचे खत, घरावरचे कवेलू. गेल्या काही वर्षांत या यादीच्या तळाशी एक नवीन ओळ दिसू लागली आहे. घरातील तरुण मुलगा किंवा सून म्हणते, "आपण घरूनच लाइव्ह करू. त्यासाठी कॉम्प्युटर घ्यावा लागेल." माझा विषय कृषिविद्येचा, म्हणजे पीक, पाणी, खत आणि तण यांचा. तरीसुद्धा बांधीच्या धुऱ्यावर उभे असताना तणनाशकाविषयी विचारून झाले की पुढचा प्रश्न हाच येतो : सर, कोणता कॉम्प्युटर घ्यावा? कॅमेरा कोणता चांगला?

हा प्रश्न धानाच्या हिशेबानेच सोडवलेला बरा. दुकानात "लाइव्हसाठी खास" म्हणून दाखवला जाणारा खेळाचा संगणक सहज सत्तर हजारांपर्यंत जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरवली. त्या भावाने सत्तर हजार म्हणजे जवळपास तीस क्विंटल धान. पाऊस साधला आणि तुडतुड्याने कृपा केली तर दोन एकरांत जेमतेम एवढे होते. दोन एकरांचे पीक एका पेटीत घालण्यापूर्वी त्या पेटीची गरज आहे का, हे पाहणे आपले काम आहे. दुकानदार ते करून देणार नाही.

थेट प्रक्षेपणाचा उपयोग काय, असे काही वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांचा प्रश्न योग्य आहे. साधा व्हिडिओ काढून पाठवता येत असताना लाइव्ह कशाला? फरक एवढाच, की लाइव्हमध्ये समोरचा त्याच वेळी प्रश्न विचारतो. ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता. गावातील पंधरा-वीस माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. उत्तर येण्यास दिवस लागत, पण ऐकणारा बोलू शकत होता, हे त्या प्रयोगाचे बळ होते. २६ जानेवारी १९६७ रोजी दूरदर्शनवर 'कृषिदर्शन' सुरू झाले तेव्हा शेतकऱ्याला शेत पडद्यावर दिसू लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मेळावे बंद झाले, आणि कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांना मोबाइलवरून शेतकऱ्यांशी बोलावे लागले. तेव्हापासून ही वाट दोन्ही बाजूंनी खुली आहे. आज आंबागडचा शेतकरी हातसडीचा तांदूळ नागपूर-पुण्याच्या ग्राहकाला दाखवून विकू शकतो. रोवणी कशी चालली आहे ते दाखवू शकतो. दिवाळीनंतरच्या मंडईतली दंडार कामानिमित्त बाहेरगावी असलेल्या पोरांपर्यंत पोहोचवू शकतो. किल्ल्याची माहिती देणारे कोणी घरात असेल, तर तोही एक विषय आहेच. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा येथील सुभेदार राजा खान पठाण याने साधारण १७०० च्या सुमारास बांधलेला हा गड पाहण्यास लोक येतात, पण त्याची गोष्ट सांगणारे फार थोडे आहेत.

म्हणून लाइव्ह करू नका असे मी म्हणणार नाही. साधने कोणत्या क्रमाने घ्यावीत, एवढेच सांगणार आहे.

धानाच्या खैरा रोगाचे उदाहरण घ्या. पाने गंजल्यासारखी तपकिरी होतात, रोप खुंटते. शेतकरी युरिया टाकतो, आणखी युरिया टाकतो, काही फरक पडत नाही. पंतनगर येथे डॉ. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की हा रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो. झिंक सल्फेट दिले की पीक सावरते. वनस्पतिपोषणाचा हा जुना नियम आहे. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, तेच उत्पादन ठरवते. बाकीची कितीही ओतली तरी ती वाया जातात. थेट प्रक्षेपणालाही हाच नियम लागू आहे. कॅमेरा, संगणक, नेट, आवाज, वीज, उजेड या सर्वांत जी बाजू सर्वांत दुबळी, तेवढेच तुमचे प्रक्षेपण चांगले. आपल्या भागात दुबळी बाजू बहुधा नेटची, आवाजाची आणि विजेची असते. कॅमेऱ्याची क्वचितच. आणि खरेदी मात्र नेमकी कॅमेऱ्यापासून सुरू होते.

आधी नेट मोजा

मामा तलाव कितीही भरलेला असो, तुडूमातून जेवढे पाणी निघेल तेवढेच बांधीला मिळते. नेटचेही तसेच आहे. आपण नेहमी येणाऱ्या वेगाची चर्चा करतो, म्हणजे सिनेमा किती लवकर उतरतो याची. लाइव्हसाठी लागतो तो जाणारा वेग, म्हणजे अपलोड. मोबाइलच्या नेटवर येण्याचा वेग तीस आणि जाण्याचा वेग दोन, असे सर्रास आढळते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

वेग मोजण्याची मोफत ॲप असतात. एकदा मोजून उपयोग नाही. जेथे बसून बोलणार त्याच जागी, सलग आठ दिवस, सकाळी, दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास मोजावे आणि वहीत लिहावे. रात्री आठला सगळे गाव मोबाइल पाहत असते, त्यामुळे तोच आकडा बहुतेक वेळा सर्वांत कमी निघतो. आपल्या वेळापत्रकासाठी तो सर्वांत कमी आकडाच धरावा, सरासरी नव्हे. पर्जन्यमानाची सरासरी पाहून धान पेरणाऱ्याचे काय होते ते आपणास ठाऊक आहे.

आता गरज किती ते पाहू. ज्याला सातशेवीस म्हणतात, म्हणजे १२८० बाय ७२० ठिपक्यांचे चित्र, सेकंदाला ३० चौकटी, ते सेकंदाला सुमारे अडीच मेगाबिट वेगाने बऱ्यापैकी जाते. आवाजाचे थोडे वेगळे. नेटचा वेग वरखाली होतो, म्हणून जाण्याचा वेग गरजेच्या दुप्पट, म्हणजे पाच मेगाबिट असावा. त्याच्या वरचे १०८० चे चित्र पाठवायचे तर साडेचार ते सहा मेगाबिट आणि त्याहून अधिक लागते, आणि तेवढ्याचा दुप्पट वेग सतत मिळाला तरच त्याचा विचार करावा. तुमचा प्रेक्षक ते चित्र सहा इंची मोबाइलवर पाहणार आहे, हे विसरू नये. जाण्याचा वेग दोनच असेल तर ४८० चे चित्र एक मेगाबिटने पाठवावे. चित्र थोडे मऊ दिसेल, पण अडकणार नाही. अडकणारे सुंदर चित्र कोणी पाहत नाही.

डेटाचाही हिशेब करा. अडीच मेगाबिटने तासभर प्रक्षेपण केले तर सुमारे १.२ जीबी डेटा खर्च होतो. रोज दीड जीबी मिळणारा रिचार्ज असेल तर सव्वा तासात दिवसाचा कोटा संपला. घरी फायबरची जोडणी मिळत असेल तर संगणकाआधी ती घ्यावी. बहुतेक फायबर योजनांत येण्याचा आणि जाण्याचा वेग जवळजवळ सारखा असतो, आणि लाइव्ह करणाऱ्यासाठी हा मोठा फायदा आहे. फायबर मिळत नसेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम कार्डे घेऊन घराच्या चारही बाजूंना मोजून पाहावे. डोंगर आडवा आला की लहरी अडतात. घराच्या मागच्या खोलीत एक मेगाबिट आणि समोरच्या छपरीत सहा, असे होऊ शकते. खोली बदलण्यास पैसे लागत नाहीत.

फायबर घेतल्यावर एक चूक सर्रास दिसते. राउटर समोरच्या खोलीत, संगणक आतल्या खोलीत आणि मध्ये विटांच्या किंवा मातीच्या जाड भिंती. वायफायचा वेग भिंतीत मुरतो. अशा वेळी राउटरपासून संगणकापर्यंत नेटची केबल ओढावी. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते, एखाद्या घराला वीस मीटर पुष्कळ झाली. इतक्या कमी पैशात इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

आवाज

चित्र धूसर असेल तर प्रेक्षक थांबतो. आवाज कळला नाही तर निघून जातो. हे वाक्य मी आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, आणि ते मला म्हणतात की तुमच्या तासालाही तसेच असते. असो.

मोबाइलमधील माइक हा कानाजवळ बोलण्यासाठी बनवलेला आहे. मोबाइल चार फुटांवर उभा करून बोलले की त्याला तुमच्याबरोबर पंखा, शेजारची पिठाची चक्की, अंगणातल्या कोंबड्या आणि टिनावरचा पाऊस सारखेच ऐकू येतात. उपाय एकच, माइक तोंडाजवळ आणणे. कॉलरला लावायचा वायरचा छोटा माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो. बोयाचा बीवाय-एम वन हा बाजारात सर्वत्र आढळणारा नमुना असून त्याची वायर सहा मीटर लांब असते आणि आत लहान बॅटरी असते. वायर लांब असल्यामुळे माणूस मोबाइलपासून दूर उभा राहून तांदळाचे पोते उघडून दाखवू शकतो. हा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. गमछा, पदर किंवा मंगळसूत्र त्यावर घासले तर प्रत्येक हालचालीला खरखर ऐकू येते, म्हणून महिलांनी तो पदराच्या दुसऱ्या बाजूस, काठावर लावावा. शेतात वाऱ्याचा आवाज येतो, त्यासाठी माइकवर फोमची टोपी असतेच. वारा जोराचा असेल तर केसाळ टोपी मिळते, ती घ्यावी.

माइक घेताना त्याच्या पिनेकडे नीट पाहावे. मोबाइलसाठीच्या पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात, जुन्या संगणकाच्या स्वतंत्र माइक छिद्रासाठी दोन पट्ट्यांची पिन लागते. पिन जुळली नाही तर माइक लावूनही आवाज मोबाइलच्याच माइकचा जातो, आणि बोलणाऱ्याला ते कळतही नाही. नव्या अनेक मोबाइलला गोल छिद्रच नसते. त्यांना टाइप-सीचा जोडक किंवा टाइप-सीचाच माइक घ्यावा लागतो. दुकानात आपलाच मोबाइल नेऊन, माइक लावून, अर्धा मिनिट रेकॉर्ड करून, तिथल्या तिथे ऐकावे आणि मगच पैसे द्यावेत. तपासण्याची सोपी रीत अशी, की बोलताना माइकच्या टोपीवर नख ओढावे. रेकॉर्डिंगमध्ये ओरखडा मोठा ऐकू आला तर माइक चालू आहे.

बिनवायरचे माइक आता स्वस्त झाले आहेत आणि शेतात फिरताना सोयीचे आहेत. पण त्यांचे दोन्ही भाग चार्ज केलेले असावे लागतात आणि खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते. मध्ये माणूस किंवा भिंत आली की ते कमी होते. घरात एका जागी बसून बोलणाऱ्याने वायरचाच माइक घ्यावा, असे माझे मत आहे.

सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. त्यासाठी महागडे फोम भिंतीला चिकटवण्याची गरज नाही. समोरच्या भिंतीला दोरी बांधून दोन जाड गोधड्या टांगाव्यात आणि खाली सतरंजी घालावी. धान भरलेल्या पोत्यांची थप्पी असलेली खोली तर उत्तमच, पोती आवाज शोषून घेतात. बोलताना पंखा बंद ठेवावा. मे महिन्यात हे कठीण आहे, म्हणून त्या दिवसांत सकाळी सातची वेळ धरावी.

संगणक खरोखर लागतो का?

सुरुवातीला लागत नाही. गेल्या पाच-सहा वर्षांतला ठीकठाक मोबाइल, एक तिपाई, एक माइक आणि कमेंट वाचण्यासाठी घरातला दुसरा मोबाइल, एवढ्यावर काम भागते. दुसरा मोबाइल आवश्यकच समजावा. प्रश्न वाचले नाहीत तर लाइव्ह करण्यात अर्थ उरत नाही, आणि ज्या मोबाइलवरून आपण दिसत आहोत त्याच्यावर वाकून वाचू लागलो तर प्रेक्षकाला फक्त कपाळ दिसते. प्रक्षेपण लोकांपर्यंत पोहोचण्यास साधारण दहा ते तीस सेकंद लागतात. प्रश्न विचारल्यावर उत्तराची तेवढी वाट पाहावी, "कोणी काही विचारत नाही" असे म्हणून लगेच पुढे जाऊ नये. लाइव्ह चालू असलेल्या मोबाइलवर फोन आला तर प्रक्षेपण तुटू शकते, म्हणून त्यात फक्त नेटचे सिम ठेवावे किंवा येणारे फोन आधीच थांबवावेत.

मात्र एक अडचण आहे. यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह करण्यासाठी चॅनेलला किमान ५० सदस्य असावे लागतात. संगणकावरून करण्यास ही अट नाही. चॅनेलची फोन नंबरने पडताळणी करावी लागते आणि पहिल्यांदा लाइव्हची परवानगी मिळण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागतो, म्हणून मंडईच्या दिवशी सकाळी चॅनेल उघडून उपयोग नाही. जुलै २०२५ पासून एकट्याने लाइव्ह करणाऱ्याचे वय किमान १६ वर्षे असावे लागते. फेसबुकवर जून २०२४ पासून खाते ६० दिवस जुने आणि १०० अनुयायी असण्याची अट आहे, आणि फेब्रुवारी २०२५ पासून तेथील लाइव्हचे रेकॉर्डिंग ३० दिवसांनी काढून टाकले जाते. रोवणीचे प्रात्यक्षिक पुढच्या वर्षी पुन्हा दाखवायचे असेल तर ते आधीच उतरवून ठेवावे. पन्नास सदस्य गावातून आणि नात्यातून एका आठवड्यात होतात. तेवढ्यासाठी संगणक घेऊ नये.

संगणक केव्हा घ्यावा? दोन कॅमेरे आलटून पालटून दाखवायचे असतील, पडद्यावर भाव किंवा नाव लिहायचे असेल, आलेख दाखवून समजावायचे असेल, आणि मोबाइलवर निदान दहा-बारा कार्यक्रम नियमाने झाले असतील, तेव्हा. त्यासाठी लागणारे ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. २०१२ पासून जगभरचे लोक ते वापरत आहेत. कोणी त्याची सीडी किंवा "फुल व्हर्जन" विकत देऊ लागला तर घेऊ नये.

संगणकाला खरे कष्ट पडतात ते चित्र दाबून लहान करण्यात. हे काम मुख्य प्रोसेसरवर टाकले तर त्याला जड जाते. पण इंटेलच्या २०११ नंतरच्या बहुतेक प्रोसेसरमधील चित्रविभागात या कामासाठी वेगळी सोय असते. तिला क्विक सिंक म्हणतात. ओबीएसमध्ये ती निवडली की साधा कार्यालयीन संगणकही ७२० चे प्रक्षेपण आरामात करतो. म्हणून खेळाच्या संगणकाची गरज उरत नाही. एक खूण मात्र लक्षात ठेवावी. प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी 'एफ' अक्षर असेल, उदाहरणार्थ १२४०० एफ, तर त्यात हा चित्रविभागच नसतो. असा संगणक थोडा स्वस्त पडतो, पण त्याला वेगळे ग्राफिक कार्ड लागते. आणि ते कार्ड जीटी १०३० असेल तर त्यातही चित्र दाबण्याची सोय नाही. म्हणजे दोन्हीकडून पैसे गेले.

मोठ्या शहरांतील कार्यालये जुने संगणक काढतात, ते नागपूरच्या बाजारात दुरुस्त करून मिळतात. माझ्या मते पहिला संगणक असाच घ्यावा. पण तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा. आय-फाइव्ह ८५०० मधील शेवटचे तीन आकडे सोडून जो आकडा उरतो, तो पिढीचा, येथे आठ. १०४०० असेल तर दहा. आठव्या पिढीचा आग्रह यासाठी, की विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. सहाव्या पिढीचा संगणक निम्म्या किमतीत मिळतो, ते उगीच नाही. त्यासोबत ८ जीबी रॅम आणि चकतीच्या जागी एसएसडी असावी. पक्के बिल घ्यावे. दुकानातच ओबीएस चढवून, अर्धा तास रेकॉर्डिंग लावून, संगणक किती तापतो आणि पंखा कसा ओरडतो ते पाहावे. बैल बाजारात चालवून पाहिल्याशिवाय आपण दावे हाती घेत नाही.

ओबीएसमध्ये चित्र १२८० बाय ७२०, चौकटी ३०, वेग २,५०० किलोबिट आणि तो स्थिर ठेवणारा प्रकार, की-फ्रेमचे अंतर २ सेकंद, आवाज १२८ किलोबिट, एवढे भरले की पुरे. बोलताना आवाजाची पट्टी पिवळ्या भागात नाचत असावी. लालमध्ये गेली तर आवाज फाटतो. पहिल्या दोन-तीन चाचण्या 'खासगी' ठेवून कराव्यात आणि घरच्या माणसांनी दुसऱ्या खोलीत बसून त्या पाहाव्यात.

कॅमेरा आणि उजेड याविषयी थोडेच सांगतो. संगणकाला जोडायचा साधा वेबकॅम ७२० चा असला तरी चालतो. लग्नाच्या फोटोवाल्याकडचा मोठा कॅमेरा जोडायचा मोह होतो. त्याला कॅप्चर कार्ड नावाची डबी लागते. स्वस्त डबीवर '४के' लिहिलेले असते, पण ते आत येणाऱ्या चित्राविषयी असते, संगणकाला मिळते ते बहुधा १०८० च. शिवाय काही कॅमेरे पडद्यावरची बॅटरी आणि आकडे त्या चित्रातच पाठवतात, आणि काही थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. कोणाकडून मागून आणून आधी तासभर चालवून पाहावे. उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसावे, खिडकी पाठीमागे ठेवू नये. रात्री ट्यूबच्या उजेडात चित्रात पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडावे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, परदेशी बनावटीच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा ६० ठेवलेले असते.

वीज

गावठाण फीडरवर वीज बऱ्यापैकी टिकते, तरी कार्यक्रमाच्या ऐन वेळी जाण्याची तिला सवय आहे. लाइव्हमध्ये वीज गेल्यावर दोन गोष्टी बंद पडतात, संगणक आणि राउटर. संगणकाची सगळ्यांना आठवण असते, राउटरची नसते. लॅपटॉप बॅटरीवर चालू आणि राउटर बंद, म्हणजे प्रक्षेपण बंदच.

बहुतेक फायबर राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांना वीज फार थोडी लागते. त्यांच्यासाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस वेगळे मिळतात, ते घ्यावे. व्होल्ट आणि अँपिअर राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले असतात, तेच आकडे यूपीएसवर असावेत. कोणी कल्पक शेतकरी म्हणेल, आपल्या बॅटरीवरच्या फवारणी पंपातही १२ व्होल्टचीच बॅटरी आहे, तीच जोडू. क्षमतेच्या हिशेबाने ती राउटर काही तास चालवू शकेल. पण पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्ट बारापेक्षा वर असतात, वायर उलटी जोडली गेली तर राउटर जळतो, आणि फवारणीच्या बॅटरीवर औषधाचे शिंतोडे असतात. ती घरात आणू नये.

टेबलावरच्या संगणकासाठी ६०० व्हीएचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे देतो. तेवढ्यात प्रेक्षकांचा निरोप घेऊन संगणक नीट बंद करता येतो, पूर्ण कार्यक्रम होत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर संगणक आणि राउटर त्यावर घ्यावेत, तरीही मध्ये यूपीएस असावा, कारण काही इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर थांबतात आणि तेवढ्यात संगणक बंद पडतो. इन्व्हर्टर नसेल तर टेबलावरच्या संगणकापेक्षा लॅपटॉप बरा. मात्र जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, दुकानात वायर काढून किती मिनिटे चालतो ते पाहावे.

शेतातून मोबाइलवर लाइव्ह करताना विजेऐवजी उन्हाचा त्रास होतो. मोबाइल साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा त्याच्या किती वर जातो हे सांगायला नको. मोबाइल तापला की पडदा काळवंडतो आणि पुढे तो स्वतःच काम थांबवतो. तिपाईवर छत्री बांधावी, मोबाइलचे जाड कव्हर काढावे आणि लाइव्ह चालू असताना शक्यतो चार्जिंग करू नये, त्याने तो आणखी तापतो. आधी पूर्ण चार्ज करून नेणे उत्तम.

चोरीविषयी एक शब्द. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजी 'आपली आजी' या चॅनेलमुळे घरोघरी पोहोचल्या. नातवाच्या मदतीने त्या आपल्या हातच्या पाककृती दाखवत. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचे चॅनेलच चोरांच्या हाती गेले आणि काही दिवसांनी परत मिळाले. सगळ्यांचे नशीब एवढे चांगले नसते. चॅनेलच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, आणि तो नंबर घरातल्या कर्त्या माणसाचा असावा, मोबाइल दुकानदाराचा नव्हे. मंडईचे प्रक्षेपण करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की मागे भोंग्यावर सिनेमाची गाणी वाजत असतील तर मालकी हक्काच्या कारणाने प्रक्षेपण मध्येच थांबवले जाऊ शकते. भोंग्यापासून दूर, दंडारीच्या जवळ उभे राहावे.

आता खरेदीचा क्रम. या हंगामात माइक आणि तिपाई, दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत, म्हणजे क्विंटलभर धानापेक्षाही कमी. त्यानंतर आठ दिवस नेट मोजणे, यास खर्च नाही. मग शक्य असल्यास फायबर, राउटरचा छोटा यूपीएस आणि केबल. मोबाइलवर दहा-बारा कार्यक्रम झाल्यावर, लोक खरोखर प्रश्न विचारत असतील आणि तांदळाची मागणी येत असेल, तर पुढच्या हंगामाच्या चुकाऱ्यातून आठव्या पिढीचा वापरलेला संगणक, पंचवीस हजारांच्या आत. कॅमेरा त्यानंतर. हप्त्यावर काहीही घेऊ नये, कारण हप्ता दर महिन्याला येतो आणि धान वर्षातून एकदा, फार तर उन्हाळी धरून दोनदा.

जूनमध्ये पहिल्या मेघगर्जनेबरोबर संगणकाची, राउटरची आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढून ठेवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. बाहेरून तांब्याची केबल किंवा डिशची वायर आत आली असेल तर तीही सोडवावी. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते.